भरती बघून सायकल

मुंबई आणि मांडवा यांच्यामधली समुद्राची पट्टी तशी अरुंदच. हवा स्वच्छ असली की मुंबईच्या किनाऱ्यावरून कनकेश्वराचा डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण रस्त्याने जायचे म्हटले की पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असा शंभर किलोमीटरच्या पुढचा वळसा पडतो. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि हा वळसा तासाभरावर आला. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. त्याने मोटारींचा वेळ वाचला. सायकलींना मात्र त्यावर मज्जाव आहे. मुंबईच्या सायकलस्वाराला या किनाऱ्यावर सुखाने यायचे तर अजूनही पाण्यावरूनच यावे लागते. ही तक्रार नव्हे. बोटीतून सायकल हाताने ढकलत मांडव्याच्या जेटीवर उतरणारा माणूस पहिले पायडल मारण्याआधीच भरती-ओहोटीच्या अमलाखाली आलेला असतो, आणि या पुस्तकात जे काही आहे ते सगळे त्याच अमलाखाली घडते.

मांडवा हे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते बहुधा १९९० च्या ‘अग्निपथ’मुळे. पडद्यावरचा मांडवा वेगळा. खरे गाव म्हणजे अलिबाग तालुक्याचे उत्तरेचे टोक. एका बाजूला रेवस, बोडणी आणि धरमतर खाडीचे मुख. दुसऱ्या बाजूला सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली अशी गावे माळेसारखी अलिबागपर्यंत. मांडवा ते अलिबाग अंतर वीसेक किलोमीटर. त्याच्या खाली आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेचे मुख; पलीकडे कोर्लई, काशीद, मुरूड आणि फणसाडचे जंगल. नकाशावर हा पट्टा बोटभर दिसतो. शनिवारी दुपारी चोंढीच्या नाक्यावर उभे राहिलात तर सायकल चालवायला याहून वाईट जागा महाराष्ट्रात नसेल असे वाटेल. मंगळवारी पहाटे त्याच नाक्यावर पाववाल्याचा भोंगा आणि कोंबडे एवढाच आवाज असतो. या दोन चित्रांतले अंतर हाच या संग्रहाचा विषय.

मोटारींचा त्रास चुकवत सायकलने निवांत भटकण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये सायकलने फिरणाऱ्यांचा पहिला मोठा संघ १८७८ साली निघाला, तेव्हा मोटारी रस्त्यावर यायच्या होत्या. रस्ता आपलाच आहे असे त्या लोकांना वाटे आणि ते खरेही होते. फ्रान्समध्ये सेंत-एतियेन या कारखान्यांच्या गावी पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलभटकंतीवर मासिक चालवत असे. गिअरच्या सायकलीची थट्टा होत होती त्या काळात त्याने तिची बाजू लावून धरली. भूक लागण्याआधी खा, दमण्याआधी थांबा आणि केवळ ईर्षेपोटी पायडल मारू नका, अशा अर्थाचे त्याचे उपदेश आजही जगभर चालतात. शर्यतीपासून भटकंती वेगळी काढली ती या माणसाने, असे म्हणायला हरकत नाही.

मोटारींनी रस्ते बळकावल्यानंतर पुढची पायरी आली: सायकलसाठी निराळी वाट. ब्रिटनमध्ये १९७७ साली ब्रिस्टल शहरात सुरू झालेल्या, पुढे ‘सस्ट्रान्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने मोडीत निघालेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा करायला घेतल्या. युक्ती साधी होती. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून तिचा मार्ग मुळातच सपाट असतो. रूळ उचलले की लहान मूल आणि म्हातारा माणूस दोघांनाही झेपेल अशी वाट तयार. कॉर्नवॉल परगण्यात कॅमल नदीच्या खाडीकाठाने जाणारी रेल्वे बंद पडली आणि आज तिच्या जागेवरून, एका अंगाला चिखलाणीतले पक्षी आणि दुसऱ्या अंगाला ओकची झाडी बघत, लोक सहकुटुंब सायकली चालवतात. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांताने १९९५ च्या सुमारास आणखी सोपी सोय केली: छोट्या वाटांच्या प्रत्येक नाक्याला एक आकडा द्यायचा. घरून निघताना चार आकडे चिठ्ठीवर लिहून घेतले की नकाशाची गरज नाही.

हे वाचून आपल्याकडच्या उत्साही मंडळींचा पहिला विचार असतो, ‘असे इथेही करू या’. इथेच गाडे अडते. कोकणात मोडीत निघालेली रेल्वेच नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत जाणारा फाटा आहे, तो मालगाड्यांचा आणि चालू. नवी वाट आखायची तर इथली जमीन गुंठ्यांत विभागलेली, वाड्या कुंपणबंद, आणि किनाऱ्यालगत जमिनीचे भाव असे की दोन मीटरची पट्टी सायकलसाठी सोडा म्हणणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने बघतील. मोटारींना बंदी असलेले गाव रायगड जिल्ह्यातच आहे. ते माथेरान, दस्तुरी नाक्यापाशी गाड्या थांबवणारे. पण ते डोंगरावरचे, वसवतानाच वेगळे ठेवलेले ठिकाण. नांदत्या किनाऱ्याला तो कित्ता गिरवता येत नाही.

मग इथे काय आहे? या प्रश्नाचे या पुस्तकातले उत्तर मला पटले, म्हणूनच ही प्रस्तावना लिहायला बसलो. युरोपात वाहनमुक्ती ही जागेला चिकटलेली असते. एकदा फलक लागला की ती वाट बाराही महिने, दिवसभर मोकळी. इथे ती वेळेला चिकटलेली आहे. तीच वाळू सकाळी सातला डांबरी रस्त्याहून टणक असते आणि दुपारी बाराला पाण्याखाली. तोच बांध पौषात कोरडा खडखडीत आणि आषाढात घसरगुंडी. तोच रस्ता बुधवारी गावचा, रविवारी मुंबईचा. वार, तिथी आणि ऋतू या तीन गोष्टी जुळवून आणणाऱ्याला आजही या किनाऱ्यावर दिवसभर मोटारीचा हॉर्न न ऐकता फिरता येते. न जुळवणाऱ्याला कितीही भारी सायकल असली तरी येत नाही.

तिथीचा हिशेब कोळी आणि आगरी माणसाला शिकवावा लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आलेले तास म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती. पौर्णिमा-अमावस्येला भरती मध्यान्हीच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे हटलेले. किहीम किंवा नागावच्या पुळणीवरून सायकल घालायची तर याच सकाळी. ओली वाळू चाकाखाली दबत नाही, साडेआठपर्यंत ऊनही सोसवते. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, सकाळी पुळण अरुंद असते आणि ओहोटी येते ती भर दुपारी. तो दिवस बांधाचा आणि झाडीचा. घड्याळी भरतीकोष्टके आता फोनवर मिळतात, ती अर्थातच जास्त अचूक. तरी पाऊणपट शिकून घ्यावी. जेटीवरच्या माणसाशी बोलणे सुरू करायला याहून चांगला विषय नाही.

आता बांधाविषयी. या भागात येणारे बहुतेक प्रवासी पश्चिमेकडे, समुद्राकडे तोंड करून असतात. तालुक्याची पूर्व बाजू, जिथे अंबा नदी येता येता धरमतरची खाडी होते, ती त्यांना ठाऊकच नसते. माणकुळे, शहापूर, धेरंड, चरी या बाजूची जमीन समुद्रसपाटीला इतकी लागून आहे की ती शेती म्हणून टिकते ती केवळ बांधामुळे. खाडीच्या बाजूला मातीचा उंच बाहेरचा बांध, आत शेताशेतांचे लहान बांध. बाहेरच्या बांधात ठिकठिकाणी उघाड्या. उघाडी म्हणजे झडपेचे दार. ओहोटीला शेतातल्या पावसाच्या पाण्याचा दाब ते बाहेर ढकलतो, पाणी खाडीत जाते. भरतीला खाडीच्या पाण्याचाच दाब ते लावून घेतो. आषाढसरींनी जमिनीतला खार धुऊन निघाला की तिथे भात होते. लालसर ‘रता’ भाताच्या जुन्या जाती या खाऱ्या जमिनीत तग धरून राहिल्या. भातकापणीनंतर तळ्यांतला जिताडा, चिखलातली निवटी, आणि थंडी पडली की वालाच्या शेंगांची, भांबुर्डीच्या पाल्याखाली मडक्यात शिजवलेली पोपटी. अलिबागकरांच्या खाण्यातल्या अर्ध्या अभिमानाचे मूळ समुद्रात नाही, या बांधांच्या आत आहे.

बांधाची डागडुजी गावकरी एकत्र येऊन करीत. बांध फुटला की इथल्या भाषेत खांड जाते, आणि खांड गेली की घरटी माणूस चिखलात उतरे. जमीन मात्र खोताची. पीक आले की खोताचा वाटा आधी. या हिशेबाला कंटाळून १९३३ साली चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी, नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली, जमीन कसायचीच नाही असे ठरवले. संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिले. १९३९ च्या मुंबई कुळकायद्याची पार्श्वभूमी याच चिखलात आहे. सहा वर्षे पिकवायचे नाही हा निर्धार ज्यांनी पाळला त्यांची नातवंडे-पतवंडे आज या बांधांवरून चालतात. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खारजमीन कायदा आला, १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, बांध सरकारी खात्याच्या यादीत गेले. यादीत गेलेल्या बांधाला यादीतला नंबर लागतो आणि खांड मात्र वाट बघत नाही, हे इथला कुणीही सांगेल. खाडीतून जाणाऱ्या मोठ्या बार्जच्या लाटांनी बांध ढासळतात अशीही शेतकऱ्यांची तक्रार आहे.

हा इतिहास सायकलच्या पुस्तकात कशाला, असे विचारणारे भेटतील. त्यांना उत्तर एवढेच की खाडीकाठची ही सपाट, झाडाच्या सावलीला चिकटून जाणारी, मोटार जाऊच शकणार नाही अशी वाट कुठल्या पर्यटन खात्याने आखलेली नाही. ती समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी कुणाच्या तरी डोक्यावरच्या घमेल्यांनी उभी राहिली. इंग्लंडच्या माणसाला रेल्वे कंपनीने सपाट वाट दिली, आपल्याला खारपट्टीच्या शेतकऱ्याने. फरक असा की रेल्वे कंपनी निघून गेली आहे, शेतकरी अजून तिथेच आहे. म्हणून बांधावर सायकल घालण्याआधी विचारावे लागते, ओल्या बांधावर चढायचे नसते, दहाजणांची रांग न्यायची नसते, आणि उघाडीच्या झडपेवर उभे राहून फोटो काढायचा नसतो. पुस्तकात हे सौम्य शब्दांत सांगितले आहे. मी जरा कडक सांगतो.

याच बांधावर एक अवघड प्रश्नही भेटतो. खांड गेलेल्या शेतात भरतीचे पाणी येत राहते, पाण्याबरोबर तिवराचे बी येते आणि काही वर्षांत तिथे दाट हिरवे कांदळवन उभे राहते. सायकलवरचा शहरी माणूस ते बघून हरखतो: बगळे, खंड्या, शेकाट्यांचे थवे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर जी कडक बंदी घातली ती योग्यच होती. किनारा धरून ठेवणारे तेच आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर ते उगवले त्याचे भात गेले ते गेलेच, कारण आता तिवर तोडून शेत परत मिळवता येत नाही. जे दृश्य एकाला निसर्गाचे पुनरागमन वाटते ते दुसऱ्याला बापजाद्यांच्या जमिनीचे सुतक वाटते. दोघेही त्याच बांधावर उभे असतात. हा संग्रह त्या वादाचा निकाल लावत नाही, आणि लावू पाहता तर मला आवडला नसता. पण त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, हे सायकलभटकंतीच्या पुस्तकात दुर्मीळ.

झाडीचे म्हणाल तर या किनाऱ्यावरचे ‘वन’ तीन प्रकारचे. खरे जंगल फणसाडचे. जंजिऱ्याच्या नवाबाची ही शिकारीची राखीव जागा, १९८६ मध्ये अभयारण्य झाली. शेकरू, धनेश, आणि ‘गाण’ या नावाने ओळखली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे. सुपेगावच्या बाजूने सकाळी जाणारा रस्ता सावलीचा आहे. आत काय करावे आणि काय करू नये ते वनखात्याच्या चौकीवर विचारावे. दुसरे, कनकेश्वर-सागरगडच्या उतारांवरची मिश्र झाडी. तिथे सायकल पायथ्याशी ठेवून चालायचे. तिसरे वन माणसाने लावलेले: चौल-रेवदंड्यापासून आवासपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या. गडग्यांमधून जाणाऱ्या या गल्ल्यांत भर दुपारीही गारवा असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने यातल्या कितीतरी वाड्या एका दुपारीत झोपवल्या. पोफळ पुन्हा फळाला यायला वर्षे लागतात. नव्याने लावलेल्या रोपांच्या शेजारी वाडी विकून बांधलेला पोहण्याचा तलाव, असे जोडचित्र आता दर दोन गल्ल्यांआड दिसते. शिवाय समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर फाटके येत चालली आहेत, त्याचा हिशेब कुणीतरी एकदा गावनिहाय मांडायला हवा.

हळू जाण्याचा या भूमीशी जुना संबंध आहे. १९३० साली जर्मनीहून परतलेल्या सालिम अलींची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी पैशाअभावी गेली, तेव्हा ते किहीमला येऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडी लावून, आडोशाला बसून त्यांनी ती महिनोन्महिने पाहिली आणि एक नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी कसा संसार थाटतो हे पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. भारतीय पक्षिशास्त्रातला हा महत्त्वाचा अभ्यास बेकारीत, एका जागी बसून झाला. (ते सायकलवाले होते अशी समजूत मात्र करून घेऊ नका. त्यांचा जीव मोटारसायकलीवर. १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षी परिषदेला ते आपली सनबीम घेऊन गेले होते.)

अलिबागची चुंबकीय वेधशाळा तर मुंबईच्या वाहतुकीला कंटाळूनच इकडे आली. कुलाब्याची वेधशाळा जुनी आणि नामांकित, पण मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडतील या भीतीने १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली. वाहनांपासून सुटका हवी म्हणून मुंबईहून अलिबागला येण्याचा मान असा एका शास्त्रीय उपकरणाकडे जातो. सव्वाशे वर्षांत वाहने मागोमाग आलीच.

सायकलच्या वेगाने जे दिसते आणि मोटारीच्या वेगाने जे सुटते त्याची यादी इथे मोठी होईल. आक्षीचा शके ९३४ चा शिलालेख, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, अलिबागपासून हाकेच्या अंतरावर. तिकडे जाताना साखरची खाडी आडवी येते, म्हणून पुळण सोडून पुलावरून जावे लागते. सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आणि शिल्पालय. पुण्यातल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे हे शिल्पकार. पण सासवण्याच्या अंगणात ठेवलेली कोळीण, म्हैस, कुत्रा ही साध्या सिमेंटमधली शिल्पे मला त्या पुतळ्याहून अधिक जवळची वाटतात. कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईत १७४० मध्ये पोर्तुगीज गेले तरी त्यांच्या भाषेतून घडलेली बोली घराघरांत राहिली. या गावात सायकल भिंतीला टेकवून चहा घेतला की ती कानावर पडते. गाडीच्या काचेआडून पडत नाही.

महाराष्ट्रातल्या सायकलवाल्यांचे स्थूलमानाने तीन पंथ आहेत आणि ते एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. पहिला अंतराचा. त्याचे पूर्वज थोर: १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर करून १९२८ मध्ये परतले. त्याच कुळात २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारे नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू आणि २०१८ मध्ये विशीत जग फिरून आलेली पुण्याची वेदांगी कुलकर्णी. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर करायच्या ब्रेव्हेचे शौकीन आता प्रत्येक मोठ्या गावात आहेत. दुसरा पंथ वारीचा: नाशिकहून सायकलने पंढरपूर गाठणारे, गडावरून ज्योत आणणारे. इथे सायकल हे साधन, सोबत महत्त्वाची. तिसरा रेंगाळणाऱ्यांचा. संख्येने लहान, लिहायला आळशी. मुंबईहून गोव्याला किनाऱ्या-किनाऱ्याने, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी घेत जाणारे लोक पहिल्या आणि तिसऱ्या पंथाच्या सीमेवर असतात: सकाळी किलोमीटर मोजतात, बोट चुकली की नाइलाजाने रेंगाळतात, आणि पुढे आयुष्यभर त्या चुकलेल्या बोटीच्याच गोष्टी सांगतात.

या तिघांच्याही बाहेर एक मोठा वर्ग आहे ज्याला कुणी सायकलस्वार म्हणत नाही: पाववाला, कारखान्याच्या पाळीवर जाणारा, हँडलला पांढऱ्या कांद्याच्या माळा अडकवून नाक्यावर येणारा शेतकरी. एके काळी सायकलला ग्रामपंचायतीचा बिल्ला लागे, डबलसीट पोलीस पकडत, तासाच्या भाड्याने सायकल मिळे. स्कूटर आल्यावर सायकल गरिबीची खूण ठरली, आणि दोन पिढ्यांनंतर चाळीस हजारांची होऊन डिकीवर बांधून परत आली. ज्यांनी ती मधल्या काळात सोडलीच नाही त्यांच्याकडे या संग्रहाने तोंड फिरवलेले नाही. कुठली वाट चांगली हे त्यांनाच विचारून लिहिले आहे. म्हणून चढ कुठे, पंक्चर कुठे निघते, पिण्याचे पाणी कुठल्या शाळेत, हे तपशील विश्वासाचे झाले आहेत.

संग्रहाची मर्यादा लेखकांनी आपणहून आखली आहे. मांडवा ते राजपुरीची खाडी एवढाच प्रदेश, साधी सायकल, घरातले वेगवेगळ्या वयाचे कुणीही. एका दिवसात जास्तीत जास्त तीस-पस्तीस किलोमीटर. ‘सर्वोत्तम दहा’ असली यादी नाही. प्रत्येक वाटेबरोबर तिची वेळ दिली आहे, कुठल्या तिथीला, कुठल्या वारी, कुठल्या महिन्यात. ठिकाणांच्या आधी वेळा सांगणारे हे मराठीतले माझ्या पाहण्यातले पहिलेच प्रवासपुस्तक. बांधांचे नकाशे मुद्दामच छापलेले नाहीत, गावांची नावे दिली आहेत; तिथे जाऊन विचारा, असा त्याचा अर्थ. काहींना ही लपवाछपवी वाटेल. मला हा शहाणपणा वाटतो, कारण फोनवर ठिपका टाकलेल्या जागेचे पुढच्या दोन हंगामांत काय होते हे काशीदने आपल्याला दाखवले आहे. माझा आक्षेप दुसरा आहे: पावसाळ्याला फार थोडी पाने मिळाली. गेटवेच्या लाँचा जून ते ऑगस्ट बंद असतात, बांध निषिद्ध, पुळण धोक्याची, हे मान्य. पण आवास-सासवण्याच्या आतल्या रस्त्यांवर श्रावणातल्या आडवारी जे हिरवे दिसते त्यावर कुणीतरी लिहायला हवे होते. त्या मानाने मासे आणि भाकरी यांवर जरा सैल हाताने लिहिले आहे.

हे सगळे आताच का? कारण वेळेला चिकटलेली ही मोकळीक फार दिवस टिकेलसे नाही. रेवस-करंजा पुलाची चर्चा अ. र. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासूनची. आता तो रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा भाग म्हणून कागदावरून प्रत्यक्षात उतरतो आहे. आज धरमतरच्या मुखावर करंजा ते रेवस लाँच चालते. पूल झाला की करंजा आणि रेवस यांच्यात काही मिनिटांचे अंतर राहील. आजारी माणसाला, नोकरदाराला, कॉलेजच्या पोरांना त्याची गरज आहे. पूल नको म्हणण्याचा अधिकार शनिवारी सायकल घेऊन येणाऱ्याला नाही. पण मंगळवारही शनिवारसारखा झाला तर या पुस्तकातली निम्मी पाने जुनी होतील. तेव्हा मोकळीक वेळेवरून जागेवर आणावी लागेल, म्हणजे कुठेतरी तिच्यासाठी प्रत्यक्ष जागा राखावी लागेल: गावातले जुने आतले रस्ते मोटारींच्या आडवाटा होऊ न देणे, समुद्राकडच्या पायवाटा उघड्या ठेवणे, लाँचसेवा पुलानंतरही चालू ठेवणे. गोव्यात दिवाडला अजून फेरीबोटीनेच जातात, आणि तिथल्या रस्त्यांवर अजून सायकल चालवता येते.

अशी जागा राखण्याची सुरुवात वाचकाला आज करता येण्यासारखी आहे. अटल सेतूवर सायकलीला जागा नाही, हे तो बांधून झाल्यावर बहुतेकांच्या लक्षात आले. रेवस-करंजा पुलाच्या कडेला कठडा घातलेली दोन मीटरची पट्टी सायकलींसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी ठेवावी, असे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला आणि आपल्या आमदार-खासदारांना आताच लिहून कळवा. पत्र एका पानाचे पुरे. अलिबाग-उरणच्या वाचकांनी ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर त्याला जास्त वजन येईल.